भिंतीवरची सत्यप्रत

गेली दहा-पंधरा वर्षे आपल्याकडच्या नव्या घरांमध्ये एक पाहुणा कायमच्या मुक्कामाला आला आहे. दार उघडले की समोर, सोफ्यामागच्या मोठ्या भिंतीवर किंवा जिन्याच्या वळणावर तो उभा असतो. कधी तो बासरीवाला कृष्ण असतो, कधी शेषशायी विष्णू, कधी नटराज, तर कधी हातात आरसा धरलेली एखादी देखणी स्त्री. तो रंगवलेला नसतो, भिंतीतून चार-सहा बोटे पुढे आलेला असतो. दिसायला दगडाचा, पण टिचकी मारली तर पोकळ वाजणारा. शिल्पकलेच्या भाषेत याला उठावशिल्प म्हणतात, घरचे लोक 'म्युरल' म्हणतात.

या पाहुण्याचे नाव विचारले की यजमान मात्र जरा गोंधळतात. 'इंटिरिअरवाल्याने सुचवले', 'कॅटलॉगमधले आहे', 'सोफ्याच्या रंगाला जाते' अशी उत्तरे येतात. एका गृहस्थांनी तर आतून बिलच आणून दाखवले. त्यावर नाव नव्हते. मापे होती आणि एक चार आकडी नंबर होता. ज्याच्याकडे पाहत आपण रोज सकाळचा चहा घेतो, त्याची ओळख 'सहा फूट बाय चार फूट' एवढीच असावी याची मला गंमत वाटली, आणि थोडे वाईटही वाटले.

हे मी नाके मुरडून लिहीत नाही. माझी सारी नोकरी बँकेत झाली. गृहकर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला वास्तुशांतीची आमंत्रणे फार येतात, आणि त्या निमित्ताने मी मध्यमवर्गाच्या भिंती बदलताना पाहिल्या आहेत. आधी भिंतीवर फक्त कालनिर्णय आणि दिवंगत वडिलांचा हार घातलेला फोटो असे. मग काचेची शोकेस आली, तिच्यात ताजमहाल आणि नाचरी बाहुली. मग एक अख्खी भिंत धबधब्याच्या चित्राने व्यापली. या सगळ्यानंतर भिंतीवर पुराणातल्या कथा येऊ लागल्या, ही मला तरी प्रगतीच वाटते. परदेशातल्या धबधब्यापेक्षा आपला गोवर्धनधारी कधीही जवळचा.

आणि ही हौस तशी नवीही नाही. जुन्या वाड्यांच्या दारावर, चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध गणपती कोरलेला असायचा. त्या पट्टीला गणेशपट्टीच म्हणत. तेही उठावशिल्पच. ज्यांना वाडा परवडत नव्हता त्यांच्याकडे देव आला तो कागदावर. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्त घरोघर पोहोचले. ज्यांना देवळाच्या पायरीवरही चढू दिले जात नव्हते, त्यांच्या झोपडीतही ही लक्ष्मी पोहोचू शकत होती. नकलेने केलेले हे मोठे काम आहे. पण त्याच छापील चित्रांनी दुसरीही एक गोष्ट केली. आज डोळे मिटून लक्ष्मी आठवा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना जी दिसते, ती त्या छापखान्याच्या वळणाची असते. कोल्हापूरची किंवा वेरूळच्या कैलासातली गजलक्ष्मी आठवत नाही. नक्कल घरात आली की हळूहळू तीच मनात अस्सल होऊन बसते. म्हणून घरात कुठली नक्कल येते, याला महत्त्व आहे.

मला हे प्रकर्षाने जाणवले ते चारठाण्यामुळे.

चारठाणा हे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातले गाव. त्याचे जुने नाव चारुक्षेत्र असे सांगतात. चारु म्हणजे सुंदर. एके काळी इथे तीनशे साठ देवळे होती, असे गावकरी म्हणतात. असले आकडे मोजून पाहायचे नसतात. तीनशे साठ म्हणजे वर्षाच्या दर दिवसाला एक, असा त्याचा भाव. पण आज जे उभे आहे तेही थोडे नाही. गोकुळेश्वराचे देऊळ आहे, उकंडेश्वराचे आहे, नृसिंहाचे आहे. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी बारव आहे. आणि एक उंच, नखशिखांत कोरलेला स्तंभ आहे. त्याला कोणी मानस्तंभ म्हणते, कोणी दीपमाळ, कोणी विजयस्तंभ. ही सगळी यादवकाळाची श्रीमंती. आपण तिला सरसकट 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. मराठवाड्यातली कित्येक देवळे त्याच्याही आधीची आहेत. पण एकदा एक नाव सापडले की पुढे विचारायचे नाही, ही आपली जुनी सवय.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे मी त्या भागात होतो. पीककर्जाच्या पाहणीसाठी जीपने गावोगाव फिरावे लागे. काळ्या रानातून जाताना मध्येच एखाद्या लिंबाच्या पारावर, कुणाच्या ओट्याच्या कडेला, वेशीजवळच्या भिंतीत असे दगड दिसत, की त्यांच्यापुढे थांबावेच लागे. एखाद्यावर फक्त कमरेचा मेखला उरलेला, एखाद्यावर नुसता हात आणि हातातले कमळ. काहींना शेंदूर फासलेला. अशाच एका दगडावर तांब्याने पाणी घालणाऱ्या म्हातारीला मी विचारले, "आजी, हा कोणता देव?" तिने माझ्याकडे, आणि माझ्या हातातल्या फायलीकडेही, जरा कीव आल्यासारखे पाहिले. म्हणाली, "देव हाय बापा. नाव इचारून काय करता?"

कॅटलॉगवाल्या घरातही नाव ठाऊक नव्हते आणि या आजीलाही नव्हते. पण दोन्हींत अंतर आहे. आजीचा त्या दगडाशी संबंध होता. तो कुठे आहे, किती पिढ्या आहे, उन्हाळ्यात त्याला गार पाणी घालायचे असते, हे तिला ठाऊक होते. आपल्या हॉलमधल्या देवाशी आपली ओळखही नाही आणि संबंधही नाही. तो फक्त सोफ्याच्या रंगाला जातो.

पुढे निवृत्तीनंतर पुण्यात एका तरुणाच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. मुलगा मूळचा चारठाण्याचा, शिकून मोठ्या पगारावर लागलेला. त्याच्या हॉलमध्ये पांढऱ्या फायबरची, आरशात पाहणारी एक सुंदरी होती. चेहऱ्यावरून ती इंडोनेशियाकडची वाटत होती, दागिने राजस्थानी होते आणि साडी कुठलीच नव्हती.

"काका, कसं वाटलं म्युरल?"

"छान आहे. तुझ्या गावाकडचं का नाही लावलंस?"

"गावाकडं काय आहे काका? सगळं मोडकं. कुणाला नाक नाही, कुणाला हात नाही."

तो खोटे बोलत नव्हता. त्याने लहानपणापासून ते मोडकेच पाहिले होते, आणि मोडके म्हणजे टाकाऊ असेच त्याला कुणीतरी शिकवले होते. पण त्याने जी सुंदरी विकत घेतली होती, तिची मूळ आजी-पणजी मराठवाड्याच्याच देवळांवर उभी आहे. निलंग्याच्या नीळकंठेश्वरावर, देगलूरजवळच्या होट्टलला, औंढ्या नागनाथाच्या भिंतींवर. शिल्पशास्त्रात त्यांना सुरसुंदरी म्हणतात, आणि त्या नुसत्या 'बायका' नाहीत, प्रत्येकीला नाव आहे. आरसा पाहणारी ती दर्पणा, पत्र लिहिणारी ती पत्रलेखिका. मुलाला कडेवर घेतलेली ती पुत्रवल्लभा. नुकती न्हालेली, जिच्या केसांतून निथळणारे थेंब मोती समजून हंस टिपतो आहे, ती कर्पूरमंजरी. घरातल्या वडीलधाऱ्यांना अशा मूर्ती दिवाणखान्यात नकोशा वाटतात, ते मी समजू शकतो. पण त्यांना ती हंसाची गोष्ट सांगून पाहा. नाव कळले की नजर बदलते, असा माझा अनुभव आहे.

आता मुद्द्यावर येतो. बँकेत मी आयुष्यभर नकला हाताळल्या. सातबाऱ्याची नक्कल, खरेदीखताची नक्कल, शाळेच्या दाखल्याची नक्कल. नकलेला आम्ही कधी कमी लेखले नाही. तिच्यावाचून कुठल्याच कचेरीचे पान हलत नाही. फक्त एक पाहायचे: तिच्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का आहे का? त्या शिक्क्याचा अर्थ तीन गोष्टींचा असतो. एक, ही नक्कल आहे हे ती उघड कबूल करते. दोन, मूळ कागद कुठे आणि कुणाचा आहे हे ती सांगते. तीन, मुळात जे आहे तेच हिच्यात आहे, वाढवलेले-घटवलेले काही नाही. भिंतीवर लावायच्या शिल्पालाही मी हीच कसोटी लावतो.

तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. आजकाल बरीच कामे संगणकावर नक्षी आखून यंत्राने कोरली जातात. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन मूर्ती हव्या असल्या की एकच आकृती एकदा सुलट आणि एकदा उलट, आरशातल्यासारखी, कोरून देतात. दिसायला जोडी छान दिसते. पण देवाचे काय होते ते पाहा. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात हे आपल्याला ठाऊक आहे. हे चार कोणत्या हातात आहेत, त्या क्रमावरून विष्णूची चोवीस रूपे ओळखतात. संध्येत म्हणतात तीच केशव-नारायण-माधव अशी चोवीस नावे. सर्वसाधारणपणे धरला जाणारा क्रम असा: मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, मग उजवा वरचा, मग डावा वरचा, शेवटी डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असे आले तर तो केशव. आता हीच मूर्ती आरशात उलटी करा. क्रम होतो गदा, चक्र, शंख, पद्म. तो माधव. म्हणजे यंत्रावरच्या मुलाने एक बटण दाबले आणि केशवाचा माधव झाला! निदान तो विष्णूच राहिला म्हणा. गणपतीचे तसे नाही. डाव्या सोंडेचा गणपती उलटा केला की तो उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळेओवळे कडक, असे मानणाऱ्या घरात मग सासूबाई आणि इंटिरिअरवाला यांचे भांडण ठरलेले.

हे पाळणे अवघड नाही. मूळ शिल्पाचा फोटो शेजारी धरायचा आणि हात मोजायचे. खरेदीखतावर चतुःसीमा तपासतो तसे.

नाक-हात तुटलेल्या मूर्तीचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न. कारागीर म्हणतो, "साहेब, नाक बसवून देतो." खंडित मूर्ती पुजू नये असा संकेत आहे, तो मला मान्य आहे. पण भिंतीवरची प्रतिकृती पूजेसाठी नसते. तिची प्राणप्रतिष्ठा केलेली नसते. आपण ती पाहण्यासाठी लावतो. सात-आठशे वर्षांचा ऊन-पाऊस आणि माणसांचे घाव सोसून जे उरले, तेच त्या शिल्पाचे आजचे खरे रूप. आजोबांच्या फोटोत आपण त्यांना नवे दात बसवत नाही. ज्यांना अगदीच रुचत नसेल त्यांनी अखंड शिल्प निवडावे, पण तुटलेल्याला आपल्या मनाने पुरे करू नये.

नक्कल म्हणजे हलकी वस्तू, असे मानणाऱ्यांना जगातली दोन-तीन उदाहरणे सांगितली पाहिजेत. रोममध्ये ट्राजन या सम्राटाचा, दुसऱ्या शतकात उभारलेला विजयस्तंभ आहे. त्याच्याभोवती गोल गोल चढत जाणारी शिल्पांची पट्टी आहे. एकोणिसाव्या शतकात तिचे प्लास्टरचे ठसे घेतले गेले, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते १८७३ पासून दोन तुकड्यांत उभे आहेत. दोन तुकड्यांत, कारण अख्खा स्तंभ छताखाली मावेना. रोमच्या हवेने मूळ स्तंभावरचे जे बारकावे झिजवले, ते या प्लास्टरवर शाबूत आहेत. अथेन्सच्या पार्थेनॉनचेही तसेच. लॉर्ड एल्गिनने तिथली कित्येक शिल्पे काढून नेली. ती १८१६ साली ब्रिटनने विकत घेतली आणि आजही त्यांचा वाद चालू आहे. अथेन्समध्ये २००९ साली नवे संग्रहालय झाले, तिथे आपल्याकडे उरलेल्या मूळ शिल्पांच्या ओळीत, लंडनला गेलेल्यांच्या जागी, ग्रीकांनी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती लावल्या आहेत. पिवळसर जुन्या संगमरवराशेजारी ते पांढरे प्लास्टर डोळ्यांना खुपते. ते खुपावे म्हणूनच आहे. इथे काय नाही, हे ती नक्कल सांगते.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. सांचीच्या पूर्व तोरणाचा प्लास्टरचा ठसा १८७० च्या सुमारास हेन्री हार्डी कोल या अधिकाऱ्याने तयार करवून लंडनला नेला, आणि त्याच्या प्रती युरोपात गेल्या. बर्लिनमध्ये २०२२ च्या डिसेंबरात त्याच तोरणाची सुमारे दहा मीटर उंचीची दगडी प्रतिकृती रस्त्यालगत उभी राहिली. मूळ तोरण मात्र जिथे होते तिथेच, मध्य प्रदेशात आहे. हे तोरण इंग्रजांनी उचलून नेले असते तर? ठसा घेता येतो, म्हणून मूळ जागेवर राहू शकले. नक्कल मुळाची राखण करते, ती अशी.

पण तीच नक्कल चोराचे हत्यारही होते. तमिळनाडूतल्या शिवपुरम् गावात १९५१ साली जमिनीखाली धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यांतला नटराज १९५४ साली डागडुजीसाठी कारागिराकडे दिला गेला. परत आला तो हुबेहूब दुसरा. गावकरी नकलेची पूजा करत राहिले आणि अस्सल नटराज हातोहात फिरत अमेरिकेत गेला, तिथे १९७३ साली नॉर्टन सायमन या धनिकाच्या संस्थेने तो विकत घेतला. मोठा वाद झाला, तडजोड झाली आणि १९८६ साली तो भारतात परतला. इथेही नक्कल सुंदरच होती. तिच्यावर 'सत्यप्रत' लिहिलेले नव्हते, एवढाच तिचा गुन्हा.

आपल्या मराठवाड्यालाही ही झळ लागलेली आहे. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ इथल्या देवळातून, समर्थ रामदासांच्या जन्मगावातून, २०२२ च्या ऑगस्टमध्ये मूर्ती चोरीला गेल्या, आणि पोलिसांनी पुढे माग काढून चोरांना पकडले. देवळात राखणदार असतात, तरी ही गत. मग लिंबाच्या पारावर उघड्यावर पडलेल्या दगडाला कोण राखणार?

त्या दगडाचा चोर नेहमीच रात्री येत नाही. बऱ्याचदा त्याची सुरुवात आपल्यासारख्यांच्या दिवाणखान्यात होते. 'फायबर नको हो, काही अस्सल मिळेल का?' या एका वाक्यातून. मला स्वतःला एका मध्यस्थाने हळू आवाजात विचारले होते, "साहेब, पडलेल्या देवळाचा पीस आहे. गावात कुणाला किंमत नाही. तुमच्याकडे निदान जपला जाईल." हा 'जपला जाईल' शब्द फार फसवा आहे. सुशिक्षित माणूस चोरीचा माल स्वस्त पडतो म्हणून घेत नाही. आपण संस्कृती वाचवतो आहोत, अशी समजूत करून घेऊन घेतो. मी त्याला दारातूनच परत पाठवले. तो दुसऱ्या दारात गेला असेलच.

कायदा इथे स्पष्ट आहे, आणि घरातल्या प्रत्येकाला तो ठाऊक असावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुने शिल्प ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, ती परदेशी पाठवता येत नाही, आणि जवळ असेल तर तिची सरकारकडे नोंदणी करावी लागते. शेतात नांगराला मूर्ती लागली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे सांगणारा कायदा तर १८७८ पासूनचा आहे. प्रतिकृतीला यातले काही लागू नाही. ती उजळ माथ्याने घ्यावी, उजळ माथ्याने लावावी.

आता लावायची कशी, याचे चार शब्द. कर्ज मंजूर करताना घरांच्या भिंती इतक्या पाहिल्या आहेत की राहवत नाही. तीन फूट बाय दोन फूट आणि दोन इंच जाड असा काळा दगड म्हणजे एक घनफूट. त्याचे वजन ऐंशी किलोच्या आसपास भरते. घरातल्या साडेचार इंची विटांच्या आडभिंतीवर तो टांगणे म्हणजे खाली बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. दगड हवाच असेल तर तो जमिनीवर, नीट बैठक करून उभा करावा. भिंतीवर फायबर किंवा प्लास्टर बरे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी घातले की घट्ट होतो आणि बारीकसारीक रेघही उचलतो. पण ओल त्याची वैरीण. बाथरूमला लागून असलेल्या किंवा पावसाळ्यात पोपडे धरणाऱ्या भिंतीवर तो लावू नये. फायबर हलके आणि ओलीला दाद न देणारे, पण त्यावर चकचकीत सोनेरी रंग मारू देऊ नका. बेसॉल्टचा करडा-काळा मंद रंगच त्याला शोभतो.

सगळ्यात महत्त्वाचा उजेड. उठावशिल्प सावलीने बोलते. देवळाच्या भिंतीवर ते कोरणाऱ्याने तिरपे ऊन गृहीत धरलेले असते. सकाळी त्याच मूर्तीच्या ओठांवर हसू दिसते आणि संध्याकाळी ती गंभीर होते. आपण तिच्यासमोर ट्यूबलाइट लावतो आणि तिला पापडासारखी सपाट करतो. दिवा एका बाजूने किंवा वरून, तिरपा पडेल असा लावावा. आणि शिल्प जरा उंचावर असावे. देवळात बरीच शिल्पे मान वर करून पाहायची असतात. तशीच ती घडवलेली असतात.

कोणते लावावे, हे मी सांगणार नाही. नटराज घरात नको असे काही जण मानतात, काहींना हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नृसिंह जेवणाच्या टेबलासमोर नको वाटतो. तिथे मीही त्यांच्या बाजूचा आहे. पण त्याच नृसिंहाची शांत रूपे आहेत. लक्ष्मीला मांडीवर घेतलेला आहे, योगासनात बसलेला आहे. आपल्या पुराणांत आणि आपल्या देवळांत निवडीला तोटा नाही. फक्त निवडताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. हे कोण? हे कुठले? मूळ किती जुने? उत्तर आले नाही तर पुढच्या दुकानात जा. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदार शिकतो, हे मी बँकेत व्याजाच्या दरावरून पाहिले आहे.

खात्रीच्या प्रती मिळत नाहीत असे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मूळ शिल्पांवरून प्रती करतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या दुकानातही प्रतिकृती मिळतात. पण मला मनापासून वाटते ते वेगळेच. चारठाण्याच्या शिल्पाची प्रत चारठाण्यानेच का करू नये? मूळ दगडाला तेल-रबर लावून ठसा घेणे धोक्याचे असते. जुन्या दगडाचा पापुद्रा सुटतो, डाग राहतो. ते काम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून आणि जाणकारावाचून कुणी करू नये. मात्र आता दगडाला बोटही न लावता, चहूबाजूंनी काढलेल्या शेकडो फोटोंवरून संगणकात त्याचा आकार उभा करता येतो. गावातली, तालुक्यातली मुले हे शिकू शकतील. गेल्या काही वर्षांत परभणी जिल्ह्यात लोकांनी श्रमदानाने बारवा उपसून स्वच्छ केल्या. गाळ काढणाऱ्या हातांना हे काम जड नाही. पुण्या-मुंबईत, आणि त्याही पलीकडे, गेलेल्या आपल्याच माणसांच्या भिंती रिकाम्या आहेत. त्यांच्यावर आपल्या गावचे शिल्प जावे, खाली छोटी पितळी पट्टी असावी: शिल्पाचे नाव, गाव, तालुका, शतक. त्यातून चार पैसे गावात येतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पारावरच्या त्या दगडाची प्रत शंभर घरांत आहे हे कळल्यावर तो दगड रात्री उचलून नेणे सोपे राहणार नाही. ज्याला शंभर जण ओळखतात तो सहजासहजी बेपत्ता होत नाही. माणसांचे जसे, तसेच मूर्तींचे.

चारठाण्याच्या त्या तरुणाला मी हे सगळे सांगितले नाही. वास्तुशांतीच्या जेवणावर भाषण बरे नव्हे. एवढेच म्हणालो, की दिवाळीला गावी जाशील तेव्हा मुलीला गोकुळेश्वराच्या देवळात घेऊन जा, आणि तिला आवडेल त्या शिल्पाचा फोटो काढून आण. तो हसला. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. मुलीने एक सोडून अकरा फोटो काढले होते, आणि प्रत्येकाबद्दल ती एकच विचारत होती, "बाबा, हे कोण?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काका, त्यासाठीच फोन केला."

माझ्याकडे पुस्तके होती, त्याच्याकडे रविवार मोकळा होता. त्या अकरांपैकी सातांची नावे आम्हाला लागली. चार अजून शोधायची आहेत.